वळणदार अक्षराची जागा : मोडी, नस्तालीक आणि आपण

वालावलचा कुठलाही सातबारा उघडला की वरच्या ओळीत गावाचा पत्ता दिसतो : मौजे वालावल, तालुका कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग. तळे, नारायणाचे देऊळ, माडापोफळीच्या बागा आणि जवळून वाहणारी कर्ली नदी यांसाठी लोक या गावाला ओळखतात. सिनेमावाल्यांनीही ते बरेच दाखवले आहे. आमचे लक्ष मात्र त्या वरच्या ओळीवर खिळते. वालावल, कुडाळ, सिंधुदुर्ग ही नावे इथल्या मातीची. त्यांच्या आधी येणारे मौजे, तालुका आणि जिल्हा हे तिन्ही शब्द अरबीतून फारसीत आणि फारसीतून मराठीत आलेले. गावचा तलाठी ते रोज लिहितो आणि त्यात काही परके आहे असे त्याला वाटत नाही, वाटण्याचे कारणही नाही. शब्दांच्या या स्थलांतरावर आपल्या वार्षिकांतून पुष्कळ लिहून झाले आहे. आम्हांला या लेखात शब्दांविषयी नव्हे, तर ते ज्या अक्षरांत लिहिले गेले त्या अक्षरांविषयी बोलायचे आहे. कारण शब्द टिकले आणि अक्षरे हरवली, असा प्रकार आपल्याकडे झाला आहे. आज संगणकावर सुंदर सुंदर फाँट हाताशी आल्यावर त्या हरवलेल्या अक्षरांचे जे चालले आहे, त्याबद्दल थोडे स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे.

कुडाळ प्रांत विजापूरच्या आदिलशाहीत होता. पुढे वाडीकर सावंतांचा अंमल आला, आणि १९४८ साली सावंतवाडी संस्थान विलीन होईपर्यंत तो या ना त्या स्वरूपात राहिला. विजापूरच्या गादीवर १५३४ साली आलेला पहिला इब्राहिम आदिलशहा याने महसुली दप्तरातील फारसी काढून तिथे देशी भाषा आणली, असे फरिश्त्याने नोंदवून ठेवले आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा, की हिशेब ज्यांच्या हातात होते त्या देशस्थ-कोकणस्थ-प्रभू कारकुनांची भाषा आणि त्यांचे अक्षर सरकारी झाले. आदिलशाही फर्माने पाहिलेल्या वाचकांना त्यांची मांडणी आठवत असेल. अनेक कागदांवर वर फारसी मजकूर असतो आणि खाली तोच हुकूम मराठीत, मोडी अक्षरात. एकाच कागदावर दोन लिप्या, एक उजवीकडून डावीकडे धावणारी आणि दुसरी डावीकडून उजवीकडे. दोघींच्या चालीत मात्र इतके साम्य, की लिपी न जाणणाऱ्याला ते दोन भावांचे हस्ताक्षर वाटावे.

ते साम्य नावातही आहे. फारसी कारकुनांच्या घाईच्या अक्षराला 'शिकस्ता' म्हणतात. शिकस्ता म्हणजे मोडलेले. मराठीतल्या घाईच्या अक्षराचे नाव 'मोडी', आणि त्याचे मूळ 'मोडणे'त आहे असे बहुतेक जण मानतात. कोणी कोणाचे पाहून नाव घेतले, हा वाद आम्ही अभ्यासकांवर सोडतो. मोडीचा उगम हेमाडपंतांशी जोडणारी परंपरा आहे आणि ती देवगिरीच्या यादवांपर्यंत जाते. पण ज्या दप्तरांत मोडी वाढली, घासली गेली आणि घाटदार झाली, ती दप्तरे फारसीच्या सावलीतली होती, हे नाकारता येत नाही. घाईचे अक्षर दोन्हीकडे एकाच गरजेतून जन्मले. राज्य मोठे, कागद पुष्कळ, आणि लिहिणारा हात एक.

मोडी लिहिणारा आधी कागदावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिला अक्षरे टांगत जाई. बोरू शक्यतो उचलायचा नाही. बालबोधात ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या वेगळ्या, मोडीत तो भेद जवळजवळ नाही. शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. म्हणून मोडी वाचणारा अक्षरे जुळवून वाचत नाही. मजकूर काय असणार याचा अंदाज बांधत वाचतो. शिकस्ता वाचणाऱ्याचेही तसेच. काझी, मुल्ला, मुजावर, खतीब यांची वतने, दर्ग्यांची इनामे, मशिदीच्या दिवाबत्तीच्या नेमणुका यांचे मराठी राजवटीतले कागद याच अक्षरात लिहिले गेले. कोकणात मुसलमान कुळांच्या खरेदीखतांचे, गहाणखतांचे आणि वाटणीपत्रांचेही तेच. हा मुद्दा वाचकांनी मनात ठेवावा, पुढे त्याकडे वळायचे आहे.

आता नस्तालीककडे येऊ. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इराणात नस्ख आणि तालीक या दोन वळणांच्या मिलाफातून ते घडले, आणि परंपरा त्याचे श्रेय मीर अली तब्रेझी यांना देते. दख्खनेत त्याला मोठा मान मिळाला. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा, ज्याला प्रजा जगद्गुरू म्हणत असे, त्याच्या दरबारात खलीलुल्लाह बुतशिकन हा इराणी खुशनवीस होता. बादशहाच्या 'किताब-ए-नौरस'ची प्रत त्याने लिहून दिली तेव्हा, १६१७-१८च्या सुमारास, त्याला 'बादशाह-ए-कलम' हा किताब मिळाला. राज्य चालवणाऱ्या बादशहाने लेखणी चालवणाऱ्याला बादशहा म्हणावे, ही त्या दरबाराची रीत. त्याच विजापुरातल्या इब्राहिम रोज्याच्या भिंतींवर आणि खिडक्यांवर अक्षरांच्याच जाळ्या कोरल्या आहेत. आत उभे राहिले की प्रकाश शब्दांतून गाळून येतो.

नस्तालीक दिसते कसे, हे शब्दांत सांगणे कठीण, पण प्रयत्न करतो. बालबोध अक्षरे दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी एका रेघेला लोंबत असतात. नस्तालीकमध्ये अशी रेघ नाही. प्रत्येक जोडशब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे तिरपा उतरत खाली येऊन टेकतो. 'किस्मत' हा शब्द घ्या. काफ, सीन, मीम, ते ही चारही अक्षरे एकमेकांना जोडली जातात, म्हणून पहिला काफ उंचावर बसतो आणि शेवटचा ते तळाशी होडीसारखा पसरतो. उलट 'आदाब' या शब्दात अलिफ आणि दाल पुढच्या अक्षराला हात देत नाहीत, म्हणून सगळी अक्षरे सुटी आणि जमिनीवर राहतात. शब्दाशब्दाची उंची वेगळी, म्हणून ओळ संथ लाटेसारखी हलते. आडव्या रेषा जाड आणि भरदार, उभा अलिफ बारीक आणि आखूड, कलमाच्या टोकाने पाडलेल्या तीन नुक्त्यांएवढा. सगळी मापे त्या नुक्त्यातच मोजायची. बडी ये तर शब्द संपवून पुन्हा उजवीकडे, आल्या वाटेने, तलवारीच्या पात्यासारखी मागे जाते.

अक्षराचे रूप त्याच्या शेजाऱ्यावर ठरते, ही नस्तालीकची खरी गोम. बे हे अक्षर जीमच्या आधी आले तर एक, रेच्या आधी आले तर दुसरे, मीमच्या आधी आले तर तिसरे. हाताला हे सोपे जाते, कारण पुढचे अक्षर कोणते हे हाताला माहीत असते. शिशाच्या खिळ्याला मात्र शेजारी कोण येणार हे ठाऊक नसते. छापखान्याची सारी अडचण इथे सुरू होते.

ही अडचण एकट्या उर्दूची नव्हती. वालावलपासून फार दूर नाही अशा गोव्यात १५५६ साली छापखाना आला. फादर स्टीफन्स यांनी मराठीत ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली राशोलला छापले गेले, ते रोमी अक्षरांत! मराठी अक्षरांचे खिळे पाडायला शेकडो साचे लागतील, म्हणून परवानगी आणि मदत मिळावी, असे स्टीफन्स यांनी १६०८च्या पत्रात रोमला कळवले होते. मदत आली नाही. ज्या भाषेची थोरवी त्यांनी गायिली ती भाषा परक्या लिपीच्या कपड्यांत छापली गेली. पुढे दोनशे वर्षांनी श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी मराठीचे व्याकरण १८०५ साली देवनागरी खिळ्यांत छापले आणि मराठी कोश १८१० साली चक्क मोडी खिळ्यांत. म्हणजे मोडीचे खिळे होऊ शकत होते. झालेही. पण खिळ्यांतली मोडी पाहिली की पाय बांधलेल्या घोड्याची आठवण होते. धावणे हाच जिचा धर्म, ती तुकड्यातुकड्यांनी उभी.

नस्तालीकचेही त्याच काळात कलकत्त्यात खिळे झाले. फोर्ट विल्यम कॉलेजची 'बाग-ओ-बहार'सारखी पुस्तके त्यांत निघाली. वाचकांना ते रुचले नाही. मग सोपा मार्ग म्हणून नस्खचे खिळे आले. नस्खमध्ये अक्षरे एका आडव्या रेघेवर बसतात, त्यामुळे कामगाराचे काम हलके होते. सर सय्यद अहमद खान यांना टाइपची छपाई हवी होती, आणि मौलाना आझाद यांनी १९१२ साली कलकत्त्याहून 'अल-हिलाल' काढले तेही टाइपात. दोघेही द्रष्टे होते, दोघांचेही गणित बरोबर होते. पण उर्दू वाचकाने टाइपाला आपले म्हटले नाही. हैदराबाद संस्थानातही नस्तालीकचे खिळे पाडण्याचे प्रयत्न झाले, पैसा खर्ची पडला. मराठवाड्यातल्या आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीने, मग ती कुठल्याही धर्माची असो, १९४८पूर्वी शाळेत उर्दू गिरवली. त्यांच्या बोटांना नस्तालीकची सवय होती, खिळ्यांची नव्हती.

मग नस्तालीक वाचवले कोणी? दगडाने. बव्हेरियात आलोइस सेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस शिळाछापाची रीत शोधून काढली. तेलकट शाईने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवायचा आणि दगड ओला करून त्यावर शाई फिरवायची, शाई फक्त लिहिलेल्या जागी धरते. खिळ्यांची गरजच संपली. कातिबाने जसे लिहिले तसेच शेकडो प्रतींत निघाले. १८२०च्या दशकात ही रीत हिंदुस्थानात पोचली आणि मुंबई फारसी शिळाछापाचे एवढे मोठे केंद्र झाली, की इथली पुस्तके जहाजाने इराणला जात. लखनौला मुन्शी नवल किशोर यांनी १८५८ साली छापखाना काढला आणि उर्दू-फारसीचा अर्धा खजिना छापून ठेवला. मुन्शी नवल किशोर हिंदू होते, हे सांगण्याची त्या काळी कोणाला गरज वाटत नसे. आज सांगावे लागते म्हणून सांगतो. मुंबईत गणपत कृष्णाजींनीही मराठी पंचांग १८३१ साली शिळाछापावरच काढले. बालबोध मात्र लवकरच खिळ्यांकडे वळली. बालबोधच्या अक्षरांत सुटेपणा होता, आणि जावजी दादाजींनी १८६९ साली काढलेल्या निर्णयसागर छापखान्याने तिला असे देखणे खिळे दिले, की मराठी वाचकाच्या डोळ्यांत छापील अक्षर म्हणजे तेच वळण ठसले.

इथे दोन बहिणींच्या वाटा फुटतात. नस्तालीकला वाचकांचा हट्ट मिळाला आणि तो पुरवणारे कातिब मिळाले. मोडीला दोन्हीही मिळाले नाहीत. छापील पुस्तक बालबोधात आणि हातचा कागद मोडीत, अशी विभागणी काही काळ चालली. १९१७ साली मुंबई सरकारने कारभारासाठी बालबोध पसंत केली आणि स्वातंत्र्यानंतर शाळांतूनही मोडी गेली. बालबोध निवडण्यात चूक होती असे आम्हांला वाटत नाही. सामान्य माणसाला साक्षर करायचे तर घाईच्या अक्षरापेक्षा सावकाश अक्षर बरे. मोडी मूठभरांची मिरास होती, आणि न वाचता येणाऱ्या कुळाच्या अंगठ्याखाली काय लिहिले जाई हे आपल्या आज्या-पणज्यांना चांगले ठाऊक होते. पण लिपी कारभारातून काढणे वेगळे आणि ती वाचणारी माणसे संपू देणे वेगळे. दुसरी गोष्ट कोणी ठरवून केली नाही. ती होऊ दिली गेली.

नस्तालीकचा दगडावरचा संसार १९८१पर्यंत चालला, पुढे दगडाऐवजी जस्ताचे पत्रे आणि ऑफसेट आले इतकेच. उर्दू दैनिकाच्या कचेरीत संपादकांपेक्षा कातिब जास्त असत. रात्री बातमी आली की एका कागदाचे चार तुकडे करून चार कातिबांना वाटायचे आणि सकाळी वाचकाने चार हातांची वळणे एकाच बातमीत वाचायची. चेन्नईचे 'मुसलमान' हे १९२७ साली सुरू झालेले दैनिक तर एकविसाव्या शतकातही हातानेच उतरत राहिले. १९८१ साली कराचीचे मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या साहाय्याने 'नूरी नस्तालीक' तयार केले आणि 'जंग' दैनिकाची लाहोर आवृत्ती त्या अक्षरांत निघाली. त्यांची युक्ती सरळ होती. अक्षराचे तुकडे पाडायचेच नाहीत. उर्दूत अक्षरांच्या जितक्या जोडण्या सर्रास येतात, तितक्या सगळ्या अखंड लिहून काढायच्या आणि यंत्राच्या पोटात ठेवायच्या. चिनी लिपीतली हजारो चिन्हे साठवणारे यंत्र तोवर आले होतेच. जमील यांनी सुमारे अठरा-वीस हजार जोडण्या तयार केल्या, आणि फाँटला वडिलांचे, नूर अहमद यांचे, नाव दिले. शोधाला आईबापाचे नाव देणारा कलावंत आम्हांला उगाचच जवळचा वाटतो.

१९९४ साली दिल्लीहून 'इनपेज' हे सॉफ्टवेअर आले आणि मुंबई, मालेगाव, औरंगाबादच्या उर्दू छपाईचा चेहरा काही वर्षांत बदलला. कातिबांच्या हातचे काम गेले, काही जण पाट्या रंगवू लागले, काही जण स्वतःच इनपेज शिकले. गूगलने २०१४ साली 'नोटो नस्तालीक उर्दू' फुकट दिले आणि मोबाइलवर शेर पाठवणाऱ्यांची सोय झाली. त्याच २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. एक बहीण दगडावरून यंत्रात चालत गेली. दुसरीला आधी मरावे लागले आणि मग यंत्रात जागा मिळाली.

आता वापराकडे. ईदचे शुभेच्छापत्र, निकाहची दावत, कबरीचा कतबा, दुकानाची पाटी आणि आपल्या वार्षिकांची मुखपृष्ठे यांत नस्तालीक फाँट सर्रास दिसतो. त्याचा चांगला वापर कुठे होतो, हे इतक्या वर्षांच्या छपाईच्या खटपटीतून आम्हांला जे उमगले ते सांगतो. नस्तालीकचे खरे घर कविता. गझलेच्या शेराचे दोन मिसरे सारख्या लांबीचे दिसावेत म्हणून कातिब एखादे अक्षर ताणून लांबवतो. तो ताण शब्दाच्या नादाशी जुळला की डोळ्यांना कान फुटतात. शीर्षक, अर्पणपत्रिका, माणसाचे नाव, कबरीवरची दोन ओळींची नोंद, इथेही ते शोभते, कारण मजकूर थोडा आणि भोवती जागा मोकळी. ती जागा त्याचा श्वास आहे. शब्द वरून खाली उतरतात म्हणून दोन ओळींत बालबोधपेक्षा कितीतरी जास्त अंतर लागते. आपल्याकडचे छपाईवाले कागद वाचवण्यासाठी ओळी दाटतात आणि वरच्या ओळीची बडी ये खालच्या ओळीच्या काफाला जाऊन भिडते. मराठी वाक्याच्या मध्ये एखादा उर्दू शब्द नस्तालीकमध्ये घातला तर ती ओळच फुगते आणि पानाची शिस्त बिघडते. तिथे तो शब्द बालबोधात लिहावा हे बरे. अक्षर जाड करणे, तिरके करणे, सावली देणे हे तर करूच नये. जे अक्षर मुळातच तिरपे उतरते त्याला आणखी तिरके काय करणार?

फॉर्म, यादी, कोश, मुलांचे पहिले पुस्तक, पाटीवरची सूचना, यांसाठी आम्ही नस्ख सुचवू. हे उर्दूच्या चाहत्यांना आवडणार नाही. पण कोकणातल्या मुलांचा विचार करा. मकतबात ती कुरआन वाचायला शिकतात. कुरआन नस्खमध्ये, सगळ्या जेर-जबर-पेशांसह छापलेला. त्या मुलांपुढे उर्दू दैनिक ठेवले तर ती अडखळतात. अक्षरे तीच, पण वळण परके आणि मात्रा गायब. घरी बोलायची भाषा कोकणी वळणाची मराठी, शाळा मराठी किंवा इंग्रजी. अशा मुलाला उर्दूची गोडी लावायची असेल तर ओळखीच्या नस्खपासून नस्तालीककडे न्यावे. नस्तालीकपासून सुरुवात करून उर्दू अवघड म्हणून सोडायला लावू नये. निकाहच्या पत्रिकेत नस्तालीकचा देखणा मजकूर असतो, आणि बोलावलेल्या शंभरातील फार थोडे तो वाचतात. बाकीचे मागची मराठी बाजू पाहून तारीख शोधतात. अक्षर तेव्हा वेलबुट्टी झालेले असते. वेलबुट्टीला आमचा विरोध नाही, पण ती वेलबुट्टी आहे हे आपल्याला ठाऊक असावे.

याहून मोठी तक्रार दुसऱ्याच अक्षराबद्दल आहे. देवनागरीला उर्दूचा पेहराव चढवणारे फाँट बाजारात आहेत. शिरोरेघ तोडायची, काना अलिफासारखा खाली टोकदार करायचा, वेलांटीला बडी येचा झोक द्यायचा, टिंब म्हणून चौकोनी नुक्ता मारायचा. पूर्वी हिंदी सिनेमाचे नाव पडद्यावर हिंदी, उर्दू आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांत येई, तेव्हा प्रत्येक लिपी आपापल्या रूपात असे. उर्दू लिपी पडद्यावरून आणि भित्तिपत्रकांवरून मागे सरत गेली आणि तिची नक्कल देवनागरीच्या अंगावर राहिली. हे अक्षर दिसले की प्रेक्षकाने ओळखायचे : कथेत नवाब आहे, कव्वाली आहे किंवा कोठा आहे. अलीकडे यादीत बाँबस्फोटही आला आहे.

आमच्या एका मराठी पुस्तकाचे मुखपृष्ठ काही वर्षांपूर्वी असेच करून आले. पुस्तक कोकणातल्या शेतीवाडीबद्दल, भाषा मराठी, लेखक मराठी. मुखपृष्ठावर मात्र नुक्त्यांची आतषबाजी आणि कोपऱ्यात चंद्रकोर. प्रकाशकांचा हेतू वाईट नव्हता. लेखकाचे नाव वाचले आणि हात आपोआप त्या फाँटकडे गेला. आम्ही विचारले, हेच पुस्तक एखाद्या सावंतांनी किंवा प्रभूंनी लिहिले असते तर कोणते अक्षर घेतले असते? ते हसले आणि म्हणाले, साधेच. आम्हांला तेच साधे अक्षर हवे होते. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून आपण सांगत आलो की मराठी ही आपली भाषा आहे, आपण तिच्या घरात पाहुणे नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिला तो कोणाची परवानगी काढून नव्हे. मुखपृष्ठावरचा नकली झोक नेमका याच्या उलट सांगतो. वाचायच्या आधीच वाचकाला बजावतो, की आत दुसरे कोणी आहे.

शिवाय तो नस्तालीकचाही अपमान आहे. बोरूची आणि उर्दू कलमाची कापणी वेगळी, हाताचा कोन वेगळा, जाड-बारीकचा हिशेब वेगळा. देवनागरीत उभा दंड भरदार असतो आणि शब्दाचे वजन पेलतो. नस्तालीकमध्ये ते वजन आडवा फटकारा पेलतो. एकीचा दंड बारीक करून तिला दुसरीसारखी नाचवायला गेले की दोन्ही लंगडतात. र. कृ. जोशी यांनी देवनागरीसाठी जन्म घालवला. विंडोज संगणकावरचा 'मंगल' हा फाँट त्यांचाच. २००८ साली ते गेले. मंगल देखणा आहे असे कोणी म्हणणार नाही. पण आपल्यातल्या कित्येकांची पहिली संगणकीय मराठी त्याच अक्षरांत उमटली, आणि त्याने कोणाच्या नावाकडे पाहून वळण बदलले नाही. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी रेखलेली शीर्षके पाहावीत. तिथे अक्षर नाटकाच्या आशयातून वाकते, नाटककाराच्या आडनावातून नव्हे. अच्युत पालव यांनी मोडीचे वळण घेऊन बालबोध अक्षराला जो वेग दिला, तोही घरातल्या घरातलाच. देवनागरीला वळणदार व्हायचे असेल तर तिच्याकडे मोडी आहे. तिने शेजारणीकडून उसने कशाला मागावे?

आणि मोडीकडेच आपल्याला जायचे आहे, सजावटीसाठी नव्हे तर वाचण्यासाठी. आपल्या समाजात लिपीचा विषय निघाला की उर्दूवर येऊन थांबतो. उर्दूवर आमचे प्रेम कमी नाही. परंतु कोकणातल्या मुसलमान कुळाला आपला इतिहास हवा असेल, कुठल्या साली कोणती जमीन कोणाकडून घेतली, दर्ग्याचे इनाम कोणी दिले, काझीपण कोणत्या घराकडे होते, वाटणीत बहिणींची नावे होती की नाही, तर त्याची उत्तरे नस्तालीकमध्ये फार थोडी आहेत. ती मोडीत आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागद कोट्यवधींनी मोजावे लागतात. वालावल-कुडाळ पट्ट्यात आणि एकूणच मालवण किनाऱ्यावर ज्या घरांत जुन्या पेट्या उरल्या आहेत, तिथल्या खतांचे अक्षरही तेच. आपली मुले गझलेसाठी नस्तालीक शिकतात, ही आनंदाची गोष्ट. पणज्याच्या सहीचा किंवा अंगठ्याचा कागद वाचण्यासाठी मोडी शिकणारा मुलगा किंवा मुलगी मात्र आपल्या मोहल्ल्यात सहसा सापडत नाही. वादाच्या वेळी तो कागद वाचायला दुसऱ्याला पैसे द्यावे लागतात आणि त्याने जे वाचले त्यावर विश्वास ठेवावा लागतो.

मोडीचे फाँट आता मिळतात. त्यांचा उपयोग किती हे आधी समजून घ्यावे. फाँटमधला प्रत्येक क सारखा असतो, दप्तरातला क लिहिणाऱ्यागणिक बदलतो. चिटणिशी वळण वेगळे, बिवलकरी वेगळे, आणि गावच्या कुळकर्ण्याचे तर फक्त त्याचे. म्हणून फाँटवर मुळाक्षरे आणि बाराखडी घटवावी, आणि लगेच खऱ्या कागदांवर जावे. सुरुवातीला एकाच घरातली, एकाच हाताने लिहिलेली दोन-चार खते घ्यावीत. खतांची भाषा ठरीव असते. सन, महिना, गावाचे नाव, लिहून देणार, लिहून घेणार, चतुःसीमा, साक्षी. ठरीव शब्द ओळखता आले की त्या लेखकाची अक्षरे हाती येतात आणि मग न ओळखणारी नावे उलगडू लागतात. यात उर्दू जाणणाऱ्याला एक फायदा आहे. बरहुकूम, रुजू, तपशील, अलाहिदा, दुमाला असे शब्द इतरांना अडवतात, तो ते झटकन ओळखतो. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, काही संस्थाही घेतात. तिथे आपली मुले-मुली पाठवावीत.

तोवर एवढे करता येईल. जुने खत घडीवर फाटू लागले असेल तर त्याला चिकटपट्टी लावू नये आणि प्लास्टिकमध्ये वितळवून बंद तर मुळीच करू नये. एकदा तसे केलेला कागद पुन्हा सोडवता येत नाही. पावसाळ्याआधी, मे महिन्यातल्या कोरड्या उजेडात, कागद सपाट ठेवून त्याची दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. मागच्या बाजूला एखादी दुसरीच नोंद असते, क्वचित एखादा शिक्काही असतो, आणि शिक्क्यावरचे अक्षर पुष्कळदा फारसी.